फर्मवेअरच्या कलाने

"इन्स्टॉल नीट झालं, 'आता रीस्टार्ट करा' असं पडद्यावर आलंही. पेनड्राइव्ह काढला, रीस्टार्ट केलं, तर काळ्या पडद्यावर एकच ओळ: नो बूटेबल डिव्हाइस. मग आत्ता टाकलेलं लिनक्स गेलं कुठं?"

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकणारा माणूस कधी ना कधी हा प्रश्न विचारतोच. त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला: परत फॉरमॅट मार. तो मारतो, परत तीच ओळ येते, आणि खापर लिनक्सवर फुटतं. खरं तर लिनक्स डिस्कवर जिथल्या तिथं असतं. त्याला हाक मारायचं काम ज्याचं, ते फर्मवेअर चुकीच्या जागी शोधत असतं.

बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या पट्ट्यात हा प्रश्न निघायला सबळ कारण आहे. पुण्या-बंगळूरच्या कंपन्या काही वर्षांनी लॅपटॉप बदलतात आणि जुने सेकंडच्या बाजारात येतात. हायवे दोन्हीकडून येतो, माल बेळगावात आणि कोल्हापुरात उतरतो. डिप्लोमा-इंजिनिअरिंगची मुलं, झेरॉक्सची दुकानं, तंबाखूच्या वखारीतले हिशेब, सगळीकडे हे लॅपटॉप चालतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१२ ते २०१६ चा धडधाकट लॅपटॉप अधिकृतपणे म्हातारा ठरला. त्याच्यासाठी उरलेला चांगला मार्ग लिनक्सचा.

गंमत अशी की फर्मवेअरच्या दृष्टीने नेमकी हीच वर्षं सगळ्यांत अडचणीची. जुनी पद्धत जात होती, नवी येत होती, आणि कंपन्यांनी नवी पद्धत विंडोज चालेल एवढीच तपासून माल बाहेर काढला. या लॅपटॉपांना आता कंपनीकडून दुरुस्ती येणार नाही. तेव्हा फर्मवेअर सुधारायच्या नादी न लागता त्याच्याकडून कमीत कमी काम करून घ्यायचं. या प्रकरणात एवढंच शिकायचं आहे.

१. बटण दाबल्यावर काय होतं?

बटण दाबल्या क्षणी लॅपटॉपला काहीच ठाऊक नसतं. डिस्क, फाइल, पडदा, कशाचाच पत्ता नसतो. मदरबोर्डवर नखाएवढी, बहुधा आठ पायांची एक चिप असते. तिच्यातला प्रोग्रॅम आधी चालतो. हेच फर्मवेअर. मेमरी जागी करायची, पडदा आणि डिस्क ओळखायची, आणि डिस्कवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती कारभार देऊन बाजूला व्हायचं, असं त्याचं काम.

जुन्या पद्धतीचं नाव बायोस. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून ती घरोघरी गेली. बायोसला फाइल म्हणजे काय ते कळत नाही. ते डिस्कचे पहिले ५१२ बाइट वाचतं आणि त्यात जे असेल ते डोळे झाकून चालवतं. त्यातही प्रोग्रॅमच्या वाट्याला ४४६ बाइट येतात. युनिकोड देवनागरीत लिहायला गेलं तर दीडशे अक्षरंही मावणार नाहीत. एवढ्या जागेत 'पुढचं तिकडून वाच' इतकंच सांगता येतं. पण पद्धत इतकी साधी, की बिघडायला फारसं काही नाही.

नवी पद्धत यूईएफआय. इंटेलने काढलेल्या इएफआयवरून २००५ मध्ये कंपन्यांच्या एका मंचाने ती सामाईक केली, आणि २०१२ मध्ये विंडोज ८ आल्यावर ती लॅपटॉपांत सर्रास दिसू लागली. यूईएफआयला फाइल कळते. डिस्कवर एक छोटा विभाग असतो, पेनड्राइव्हवर असतो तशाच फॅट पद्धतीचा. त्यात प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिम आपली सुरुवातीची फाइल ठेवते. कुठल्या विभागातली कुठली फाइल आधी चालवायची, याची यादी मात्र डिस्कवर नसते. ती मदरबोर्डवर, फर्मवेअरच्या स्वतःच्या मेमरीत असते. यादीतल्या प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी: माणसाला वाचायला नाव, डिस्कचा विभाग, फाइलचा पत्ता.

म्हणजे लिनक्स डिस्कवर आहे आणि त्याची नोंद फर्मवेअरच्या मेमरीत. दोन्ही शाबूत असतील तरच लॅपटॉप उठतो. डिस्कवर कितीदा फॉरमॅट मारला तरी मदरबोर्डवरची नोंद त्याने सुधारत नाही.

२. आधी सेल बघा

"काका, काल चालत होता की! आज एकदम डिस्कच नाही म्हणतोय." दुकानात अशी तक्रार आली, तर हुशार रिपेअरीवाला आधी तारीख विचारतो. बायोसच्या पडद्यावर (म्हणजे फर्मवेअरच्या सेटिंगच्या पडद्यावर; नव्या मशीनमध्येही लोक त्याला बायोसच म्हणतात) तारीख काय आहे? २००९? २०१२? मग सॉफ्टवेअरला हात लावायची गरज नाही.

मदरबोर्डवर एक बटनसेल असतो, बहुधा सीआर २०३२, तीन व्होल्टचा. लॅपटॉप बंद असताना घड्याळ चालू ठेवायचं काम त्याचं, आणि पुष्कळ जुन्या मशीनांत बायोसच्या सेटिंगही त्याच्याच जिवावर टिकतात. दहा-बारा वर्षांत तो संपतो. लॅपटॉप वर्षभर माळ्यावर पडून असेल तर लवकर. बेळगावच्या पावसाळ्यातल्या ओलीने त्याच्या टोकांवर हिरवट थर आलेलाही दिसतो.

सेल गेला की दोन गोष्टी होतात. पहिली, तारीख मागं जाते. समजा लॅपटॉपला वाटतंय की आज १ जानेवारी २०१० आहे. तुम्ही बँकेची वेबसाइट उघडता. तिचं प्रमाणपत्र यंदाच्या तारखेपासून लागू. ब्राउझर हिशेब करतो की हे प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही, आणि साइट असुरक्षित ठरवतो. लिनक्सचे अपडेटही त्याच कारणाने अडतात. यादी 'अजून वैध झालेली नाही' असा संदेश येतो. लिनक्सच्या नव्या आवृत्त्या घड्याळाला स्वतःच्या बांधणीच्या तारखेमागं जाऊ देत नाहीत, त्यामुळे हा घोळ कधी कधी अर्धवट झाकला जातो. म्हणून तारीख बघायची ती बायोसमध्येच.

दुसरी गोष्ट जास्त त्रासाची: सगळ्या सेटिंग कारखान्यातून आल्या तशा होतात. बूटची पद्धत बदलते. डिस्कशी बोलायची पद्धत तुम्ही एएचसीआय ठेवली असेल तर ती इंटेलच्या रेड किंवा आरएसटीवर जाते, आणि काही मशीनांत, विशेषतः एनव्हीएमई डिस्क असेल तर, लिनक्सला डिस्क दिसेनाशीच होते. सिक्युअर बूट (त्याबद्दल सहाव्या भागात) बंद केलं असेल तर ते परत चालू होतं. माणूस म्हणतो, मी तर काहीच केलं नाही. खरंच त्याने काही केलेलं नसतं.

तपासणी सोपी. बायोसमध्ये तारीख नीट करा, मशीन बंद करा, चार्जर काढा, मोठी बॅटरी निघत असेल तर तीही काढा, रात्रभर ठेवा. सकाळी तारीख मागं गेलेली दिसली तर सेल बदला. लॅपटॉपात तो पुष्कळदा प्लास्टिकच्या वेष्टनात, दोन तारा आणि छोट्या पिनेसह असतो. जुना काढून दुकानात दाखवा, कारण लाल-काळ्या तारांची जागा सगळ्या कंपन्यांत सारखी नसते. काही पातळ मॉडेलांत वेगळा सेलच नसतो. तिथं मोठी बॅटरी मेली की तारीखही जाते.

३. कुठल्या पद्धतीने बूट करायचं?

२०११ ते २०१६ च्या बऱ्याच लॅपटॉपांत दोन्ही पद्धती असतात. सेटिंगमध्ये 'यूईएफआय' आणि 'लेगसी' किंवा 'सीएसएम', म्हणजे जुनी बायोसची पद्धत, असे पर्याय दिसतात. सगळ्यांत जास्त घोटाळा इथं होतो: पेनड्राइव्ह एका पद्धतीने बूट झाला आणि डिस्क दुसऱ्या पद्धतीने बूट करायला ठेवली. इन्स्टॉल करणारा प्रोग्रॅम ज्या पद्धतीने स्वतः उठला, त्याच पद्धतीसाठी लिनक्स बसवतो.

पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करा, टर्मिनल उघडा आणि 'सिस' फोल्डरातल्या 'फर्मवेअर' फोल्डरात 'इएफआय' नावाचा फोल्डर आहे का बघा. असेल तर तुम्ही यूईएफआयने उठलात. नसेल तर लेगसीने. एवढं आधी बघितलं की निम्म्या तक्रारी होतच नाहीत.

मग कुठली पद्धत निवडावी? नव्या लॅपटॉपला यूईएफआय, यात वाद नाही. पण २०११-१३ च्या मशीनवर एकटं लिनक्सच ठेवायचं असेल, तर माझं मत सरळ लेगसीच्या बाजूचं. जुन्या पद्धतीची मोठी मर्यादा दोन टेराबाइटपलीकडच्या डिस्कची, आणि या लॅपटॉपांत ३२० किंवा ५०० जीबीची डिस्क, फार तर २४० जीबीची एसएसडी. मर्यादा आडवी येत नाही. यादी नाही, नोंद नाही, पुसलं जायला काही नाही. एक खोड तेवढी लक्षात ठेवा: काही बायोस डिस्कच्या एखाद्या विभागावर 'अॅक्टिव्ह' अशी खूण असल्याशिवाय डिस्क बूट करण्याजोगी मानतच नाहीत. लिनक्सला या खुणेची गरज नसते, म्हणून ती कधी कधी लावलेली नसते. डिस्कचे विभाग सांभाळणाऱ्या जीपार्टेड या प्रोग्रॅममध्ये 'बूट' खूण केली की तेवढ्याने मशीन उठतं.

उलट टोकाचीही मशीनं आहेत. २०१४ च्या सुमारास इंटेलच्या बे ट्रेल चिपचे स्वस्त टॅबलेट-लॅपटॉप आले. त्यांतल्या अनेकांचा प्रोसेसर ६४ बिटचा, फर्मवेअर मात्र ३२ बिटचं, आणि लेगसीचा पर्याय बहुधा नाहीच. अशा मशीनवर ६४ बिट लिनक्सचा पेनड्राइव्ह नुसता दुर्लक्षिला जातो, चूकसुद्धा दाखवली जात नाही. कर्नेलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, ३.१५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासूनच, ही जोडी चालवून घ्यायची सोय केली. पेनड्राइव्हवर ३२ बिटची सुरुवातीची फाइल असली म्हणजे झालं, आणि डेबियनने ती सोय आपल्या इन्स्टॉलरमध्ये फार पूर्वी केली.

४. नाव बघून दार उघडणारं फर्मवेअर

आता मूळ प्रश्नाकडे. नोंद आहे, फाइल आहे, तरी लॅपटॉप लिनक्सकडे जात नाही. कधी नोंद रीस्टार्ट केल्यावर गायब होते, कधी ती असूनही फर्मवेअर दर वेळी 'विंडोज बूट मॅनेजर'च उचलतं.

याचा नमुनेदार किस्सा नोव्हेंबर २०१२ चा. मॅथ्यू गॅरेट हे लिनक्सच्या फर्मवेअरविषयक कामातलं मोठं नाव. लेनोवोच्या थिंकसेंटर एम९२पी या डेस्कटॉपवर फेडोरा लिनक्स बूट होत नव्हतं. गॅरेटनी शोध घेतला तर कळलं, की फर्मवेअर नोंदीतलं नाव वाचतंय. जे नाव फक्त माणसाने वाचायचं, ज्याचा यंत्राने काही अर्थ लावायचा नाही, तेच. 'विंडोज बूट मॅनेजर' असेल तर चालेल, 'रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स' असेल तरी चालेल, बाकी कुणाला प्रवेश नाही. बहुधा कुणीतरी या दोन सिस्टिमवर चाचणी घेतली आणि नावं कायमची लिहून मोकळा झाला.

अशा फर्मवेअरशी वाद घालून उपयोग नाही. त्याला हवं ते दाखवायचं. मार्ग चार.

पहिला सर्वांत भरवशाचा. यूईएफआयच्या नियमांत एक ठरलेला पत्ता आहे: छोट्या विभागात 'इएफआय' फोल्डर, त्यात 'बूट' फोल्डर, त्यात 'बूटएक्स६४ डॉट इएफआय' ही फाइल. यादीत काही नसलं तर फर्मवेअरने इथं बघायचं. पेनड्राइव्ह बूट होतात ते याच पत्त्यामुळे, कारण त्यांची नोंद आधीपासून कुठल्याच मशीनमध्ये नसते. मग आपल्या डिस्कवरच्या लिनक्सची फाइलही तिथंच ठेवली, तर फर्मवेअर यादी विसरलं तरी चालतं.

उबुंटूवर हे कसं दिसतं ते बघू. पेनड्राइव्हवरून चालू करून डिस्कचा छोटा विभाग उघडला. त्यात 'इएफआय', आणि आत 'मायक्रोसॉफ्ट', 'उबुंटू', 'बूट' असे तीन फोल्डर. 'उबुंटू' मध्ये 'शिमएक्स६४' आणि 'ग्रबएक्स६४' या दोन फाइली: शिम ही सुरुवातीची छोटी फाइल (तिच्याबद्दल सहाव्या भागात), आणि ग्रब म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम. दोन्हींच्या नकला 'बूट' फोल्डरात टाकायच्या, आणि शिमच्या नकलेचं नाव बदलून 'बूटएक्स६४' करायचं. तिथं त्या नावाची फाइल आधीच असेल तर ती वेगळ्या नावाने जपून ठेवायची. संपलं. हेच काम ग्रब बसवणाऱ्या आज्ञेला 'रिमूव्हेबल' हा पर्याय जोडला की आपोआप होतं. डेबियनचा तज्ज्ञांसाठीचा इन्स्टॉलर तर हा प्रश्न थेट विचारतो. त्याला निमूट 'हो' म्हणावं.

दुसरा मार्ग एसरवाल्यांसाठी. एसरच्या अनेक अॅस्पायर लॅपटॉपांत सिक्युअर बूटचे पर्याय करड्या रंगात असतात, बदलताच येत नाहीत. माणूस समजतो कंपनीने कुलूप घातलंय. प्रत्यक्षात आधी सुपरवायझर पासवर्ड ठेवावा लागतो, मग ते पर्याय उघडतात. त्यांतच 'ही यूईएफआय फाइल विश्वासाची माना' असा एक पर्याय असतो; त्यात लिनक्सची शिम फाइल निवडली की ती बूटच्या यादीत येते. ठेवलेला पासवर्ड कागदावर लिहून ठेवा. विसरलात तर त्रास लिनक्सच्या त्रासापेक्षा मोठा.

तिसरा एचपीच्या ऑफिसवाल्या मॉडेलांसाठी. एलीटबुक-प्रोबुकच्या काही बायोसमध्ये 'कस्टमाइज्ड बूट' असतं. तिथं फाइलचा पूर्ण पत्ता हाताने लिहायचा आणि ते नाव क्रमात वर आणायचं. टायपिंगमध्ये एक अक्षर चुकलं तरी फर्मवेअर काही बोलत नाही, नुसतं पुढं जातं. म्हणून पत्ता दोनदा वाचा.

चौथा मार्ग नाइलाजाचा: मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरातल्या विंडोजच्या फाइलच्या जागी त्याच नावाने लिनक्सची फाइल ठेवायची. फर्मवेअर फसतं हे खरं. पण त्याच डिस्कवर विंडोजही असेल तर त्याचं पुढचं अपडेट स्वतःची फाइल परत बसवतं आणि तुम्ही पुन्हा पहिल्या घरात. विंडोज काढून टाकलं असेल तरच हा मार्ग धरावा.

५. उतारा एक, शेत दुसरं

बूट झालं, तरी फर्मवेअरचा संबंध संपत नाही. पडदा काळाच राहतो, ब्राइटनेसच्या कळा चालत नाहीत, झाकण मिटलं की मशीन झोपतं ते उठत नाही, पंखा एकसारखा घोंगावतो. हे सगळं एसीपीआय नावाच्या कोष्टकांमुळे. १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ठरवलेल्या या पद्धतीत फर्मवेअर ऑपरेटिंग सिस्टिमला मशीनचं वर्णन देतं: पंखा कुठं, बॅटरी किती, झाकणाचं बटण कुठलं, झोपवायचं कसं.

हे वर्णन म्हणजे जमिनीचा उतारा. उताऱ्यावर अजून पणजोबांचं नाव, बांध एकीकडे, विहीर लिहिलेली पण बुजून गेलेली. मोजणीला आलेल्या परक्या माणसाने उतारा प्रमाण मानला तर तो बुजलेल्या विहिरीवर मोटर बसवून जाईल. कर्नेल हा असाच परका माणूस. त्याला मशीन प्रत्यक्ष माहीत नसतं, कागद वाचून तो काम करतो.

त्यात एक खोच आहे. ही कोष्टकं नुसतं वर्णन करत नाहीत, विचारतातही: 'तू कोण? विंडोज ७? विंडोज ८?' आणि उत्तराप्रमाणे वेगळं वागतात. सुरुवातीला लिनक्स प्रामाणिकपणे 'मी लिनक्स' म्हणत असे. पण फर्मवेअरमधली लिनक्ससाठीची वाट कुणी तपासलेलीच नसे, त्यामुळे खरं बोलून नुकसानच व्हायचं. २००७ पासून कर्नेल ते उत्तर देत नाही. विचारलं तर 'मी विंडोज' म्हणतो. कंपनीने जी वाट तपासली, तीच धरायची, असा व्यवहार.

तरीही काही मशीनं अडतात. तेव्हा कर्नेलला सांगावं लागतं की अमुक बाबतीत उताऱ्यावर जाऊ नकोस. हे सांगणं म्हणजे बूटच्या वेळी दिलेला एखादा शब्द. समजा, तुमच्या लॅपटॉपचा पडदा लिनक्स सुरू होताच काळा होतो. लॅपटॉप चालू करताना ग्रबचा मेन्यू आणा. यूईएफआयने उठणाऱ्या मशीनवर एस्केप, लेगसीवर शिफ्ट. लिनक्सच्या ओळीवर इंग्रजी 'ई' दाबा. बरीच गिचमिड दिसेल, घाबरू नका. 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा, शेवटी 'क्वाएट स्प्लॅश' असेल. त्याच्यापुढे एक जागा सोडून 'नोमोडसेट' हा शब्द इंग्रजीत लिहा आणि एफ १० दाबा. पडदा दिसू लागला, तर घोळ ग्राफिक्सच्या ड्रायव्हरपाशी आहे. तसंच ब्राइटनेससाठी 'एसीपीआय बॅकलाइट' हा शब्द, मध्ये अंडरस्कोअर, बरोबरच्या चिन्हापुढे 'नेटिव्ह', 'व्हेंडर' किंवा 'व्हिडिओ'. तिन्ही आळीपाळीने करून बघायचे. झोपेतून न उठणारं, कळांना न जुमानणारं मशीन असेल तर 'एसीपीआय ओएसआय' पुढे उद्गारचिन्ह आणि 'विंडोज २०१२' लिहून 'मी विंडोज ८ नाही' असं सांगता येतं. मग ते फर्मवेअर विंडोज ७ च्या जुन्या वाटेने जातं, आणि काही मशीनवर तीच वाट नीट केलेली असते. या नोंदीत मधली जागा असल्यामुळे ती अवतरणचिन्हांत घालायची.

या युक्तीचा मोठा फायदा असा, की 'ई' दाबून लिहिलेलं तेवढ्या एका बूटपुरतं असतं. चुकलं तर बंद करून चालू करा, जसंच्या तसं. गुण आला, तरच ग्रबच्या मुख्य फाइलमध्ये कायमचं लिहा आणि 'अपडेट-ग्रब' चालवा. 'नोमोडसेट' मात्र कायमचा ठेवू नये. पडद्याचा वेग मंदावतो आणि झोपवणं बंद पडू शकतं. तो फक्त आत शिरण्यापुरता.

कर्नेल स्वतःही फर्मवेअरचे दोष टिपून ठेवतो. टर्मिनलमध्ये 'डीमेसेज' चालवून 'फर्मवेअर बग' असा शोध घ्या, जुन्या लॅपटॉपवर दोन-चार ओळी सापडतील. वाचून धास्ती घेऊ नका. त्यांचा अर्थ एवढाच की दोष कर्नेलच्या लक्षात आला आहे. कर्नेलच्या आत तर लॅपटॉपांची नावानिशी यादीच आहे: अमुक कंपनीचं अमुक मॉडेल दिसलं की अमुक गोष्टीवर विश्वास ठेवू नये. जगभरच्या लोकांनी आपापल्या मशीनच्या तक्रारी कळवल्या, त्यातून ती साठली. म्हणूनच दहा वर्षांचा लॅपटॉप कधी कधी नव्या कर्नेलवर जुन्यापेक्षा नीट चालतो. आधी नवा कर्नेल घालून बघा, मग शब्दांचे प्रयोग करा.

६. सिक्युअर बूट

यात फर्मवेअर सुरुवातीच्या फाइलवरची डिजिटल सही तपासतं, आणि सही ओळखीची नसेल तर फाइल चालवत नाही. लॅपटॉपांत ओळखीची सही मुख्यतः मायक्रोसॉफ्टची. लिनक्सवाल्यांनी 'शिम' नावाची छोटी फाइल करून तिच्यावर ती सही घेतली. पुढचं शिम बघतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटने जुन्या शिम नाकारायची नोंद फर्मवेअरमध्ये लिहिली आणि एकाच मशीनवर विंडोज-लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्या अनेकांचं लिनक्स एका सकाळी अडलं. 'एसबॅट' हा शब्द पडद्यावर दिसला तर हेच झालं म्हणून समजा. सिक्युअर बूट बंद करा, लिनक्स उठेल. शिवाय ज्या २०११ च्या प्रमाणपत्राने शिमवर सही होत आली, त्याची मुदत जून २०२६ ची. चालू मशीन त्या दिवशी बंद पडत नाही, कारण फर्मवेअर साधारणपणे मुदत बघतच नाही. पण पुढच्या काळातल्या पेनड्राइव्हवर नव्या प्रमाणपत्राची सही असेल, आणि जुन्या फर्मवेअरला ती अनोळखी वाटेल. घरातल्या दहा वर्षांच्या लॅपटॉपवर सिक्युअर बूट बंद ठेवावं, असं माझं मत. ऑफिसचा असेल तर ऑफिसला विचारा.

७. जिथं हात आखडता घ्यावा

वर सांगितलेल्या बहुतेक युक्त्या डिस्कवर किंवा ग्रबमध्ये होतात. बिघडलं तर पेनड्राइव्हने परत नीट करता येतं. मदरबोर्डवरच्या चिपमध्ये लिहिणं वेगळं. तिथं बिघडलं तर पेनड्राइव्ह बूट करायलाही कुणी शिल्लक राहत नाही.

२०१३ च्या सुरुवातीला सॅमसंगचे काही लॅपटॉप यूईएफआय पद्धतीने लिनक्स नुसतं सुरू केल्यावर कायमचे डेड झाले. मदरबोर्ड बदलावे लागले. आधी दोष लिनक्सच्या एका ड्रायव्हरला दिला गेला. मग गॅरेटनी दाखवलं की फर्मवेअरची मेमरी बऱ्यापैकी भरली की ते स्वतःच कोलमडतं, आणि विंडोजमधूनही ते तसं पाडता येतं. त्यानंतर कर्नेलने त्या मेमरीत ठरावीक मर्यादेपलीकडे लिहायचं सोडलं. डिसेंबर २०१७ मध्ये उबुंटू १७.१० चं डाउनलोडच मागं घ्यावं लागलं. त्यातल्या एका ड्रायव्हरमुळे लेनोवोच्या आणि इतर काही लॅपटॉपांचं बायोस सेटिंग साठवायचंच थांबलं; काहींना पेनड्राइव्हवरून बूटही करता येईना. जानेवारी २०१८ मध्ये दुरुस्त आवृत्ती आली. एकदा चूक फर्मवेअरची, एकदा लिनक्सची, पण दोन्हीकडे घात झाला तो चिपमध्ये लिहिताना.

म्हणून 'बायोस अपडेट मारून बघू' हा सल्ला सगळ्यांत शेवटी ऐकावा. रेड हॅटच्या रिचर्ड ह्यूज यांच्या पुढाकाराने २०१५ पासून लिनक्समधूनच फर्मवेअर अपडेट घ्यायची सोय झाली, 'एफडब्ल्यूअपडी' नावाची. पण आपल्या २०१२-१४ च्या मॉडेलांची अपडेट तिथं फारशी सापडत नाहीत. कंपनीच्या साइटवर असली तर विंडोजच्या फाइलच्या रूपात. त्यात जुन्या लॅपटॉपची बॅटरी दहा मिनिटंही टिकत नाही. जूनच्या पावसात निपाणीत लाइट जायला ढगांचा गडगडाट पुरतो, आणि चिपमध्ये लिहिणं चालू असताना लाइट गेली तर मशीन तिथंच संपलं. चांगली बॅटरी, नाहीतर यूपीएस, नसेल तर तो बेत सोडा. नोंदी सारख्या पुसायच्या आणि नव्या लिहायच्या, असले प्रयोगही करू नका. ठरलेल्या पत्त्यावर फाइल ठेवली की त्यांची गरज उरत नाही.

८. घेण्याआधी दुकानातच

सेकंडचा लॅपटॉप घ्यायला जाताना लिनक्सचा बूटेबल पेनड्राइव्ह खिशात असावा. दुकानदार विंडोज चालू करून दाखवेल, ते बघा आणि बंद करायला सांगा. परत चालू करताना बायोसला जा: डेल आणि एसरला एफ २, एचपीला एफ १०, थिंकपॅडला एफ १. तारीख बघा. पेनड्राइव्हवरून बूट करायची परवानगी आहे का, सिक्युअर बूट बंद होतं का, बदल करून साठवल्यावर दुसऱ्या वेळी तो टिकतो का, हे तिथंच करून बघा. मग पेनड्राइव्हवरून लिनक्स उठवा. ब्राइटनेस, वायफाय, आवाज बघा आणि झाकण मिटून परत उघडा. पाच-दहा मिनिटांचं काम.

बायोसने पासवर्ड मागितला, तर विचारा कुणाला माहीत आहे. कंपन्यांतून आलेल्या लॅपटॉपांवर सुपरवायझर पासवर्ड तसाच राहून गेलेला असतो. "सेल काढून ठेवला की जातो," असं दुकानदार सांगेल. पूर्वीच्या डेस्कटॉपांना ते लागू होतं. थिंकपॅडमध्ये तो पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये असतो, सेलशी त्याचा संबंध नाही, आणि कंपनीचा अधिकृत उपाय मदरबोर्ड बदलण्याचा. दुकानदाराला पासवर्ड देता येत नसेल तर किंमत कितीही पाडली तरी तो लॅपटॉप काउंटरवरच ठेवा आणि शेजारचा दाखवायला सांगा.